बेळगावहून प्रवाळ आणि मासे बघायला: मालवण, ग्रँड आयलंड की नेत्राणी? (स्नॉर्कलिंगचा धागा)

सीमाभागी
बेळगाव आणि निपाणीचे मिळून आठ जण. त्यात ११ आणि १४ वर्षांची दोन मुलं, दोघं साठीच्या पुढचे. निम्म्या लोकांना पोहता येतं, पण विहिरीतलं आणि नदीतलं. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून खोल जाणं) नको. पाण्यावर तरंगत खालचे प्रवाळ आणि मासे बघायचे, उरलेल्यांनी होडीतून बघायचे, एवढंच. कुठं जावं, कधी जावं, सामान काय घ्यावं? ‘मस्त आहे, जाऊन या’ छापाची उत्तरं नकोत, नेमकं सांगा की.

शहापूरवाला
आधी अपेक्षा नीट करून घ्या. आपल्या किनाऱ्यावर लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभिंत कुठंच नाही. मालवणला खडकांवर जागोजागी प्रवाळ वाढलेले आहेत: पोराइट्सचे गोलसर ढेकळासारखे, फेव्हाइट्सचे जाळीदार, टर्बिनेरियाचे पसरट. रंग बहुतेक तपकिरी, हिरवट, पिवळसर. पोस्टरवरचे गुलाबी-जांभळे प्रवाळ शोधत बसलात तर समोरचा शंभर वर्षांचा पोराइट्स ‘साधा दगड’ म्हणून सोडून द्याल. मासे मात्र भरपूर.

तिन्ही जागांचा हिशेब असा. मालवण साधारण १४० ते १५० किलोमीटर. बेळगावकरांनी शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ असं यावं. निपाणी-चिकोडीच्या लोकांनी संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा खडकाळ भाग उथळ आहे आणि लाटा किल्ल्यावर आणि खडकांवर अडतात. तुमच्या ग्रुपला हीच जागा योग्य.

ग्रँड आयलंड गोव्यात, चोर्ला घाटातून अंतर कमी पडतं. पण मांडवी-झुवारीचा गाळ जवळ, त्यामुळे पाणी एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी ताकासारखं.

नेत्राणी मुरुडेश्वरहून समुद्रात सुमारे १९ किलोमीटर. पाणी तिघांत सगळ्यात स्वच्छ, मासे मोठे. पण ते उघड्या समुद्रातलं बेट आहे, कडे सरळ खाली जातात, प्रवाह असतो आणि होडीतच तास-दीड तास जातो. ज्यांना पोहता येत नाही त्यांना तिथं नेऊ नका.

सदाशिवगड
खानापूरच्या बाजूच्या लोकांना मुरुडेश्वरला जायला रामनगर, जोयडा, अणशी, कारवार हा रस्ता पडतो. रात्री जंगलातून गाडी काढू नका. पहाटे निघालात तरी नेत्राणीची पहिली होडी मिळत नाही. आदल्या दिवशी मुरुडेश्वर गाठावंच लागतं. मालवणचंही तेच. आंबोलीत धुकं असलं की चार तासांचा रस्ता साडेपाच तासांवर जातो.

निपाणी एक्सप्रेस
शनिवारी पहाटे निघून अकराला मालवण, बाराला पाण्यात, चारला परत, असा बेत बरेच जण करतात. होत नाही का?

खारे वारे
होतो, आणि म्हणूनच बरेच जण ‘मालवणला काही दिसत नाही’ म्हणत परत येतात. जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी गोम इथं आहे.

एक, वारा. रात्रभर जमीन थंड होते, पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मंद असतो, किनाऱ्याजवळ लाटा उठत नाहीत. साडेदहा-अकरानंतर खारा वारा समुद्राकडून सुरू होतो, लाटा बारीक पण सतत येऊ लागतात, उथळ भागातली वाळू वर उठते. फेब्रुवारीनंतर दुपारचा वायव्येचा वारा आणखी जोर धरतो. म्हणजे पाण्यात उतरायची वेळ आठ ते साडेदहा. बारा वाजता मासे तेच असतात, फक्त दिसत नाहीत.

दोन, भरती-ओहोटी. भरतीचं पाणी बाहेरच्या समुद्रातून येतं, ते स्वच्छ. ओहोटीचं पाणी कर्ली आणि कोळंबच्या खाडीतला गाळ घेऊन बाहेर पडतं. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या आधीचा एक-दीड तास आणि पाणी थांबलेलं असतं तो थोडा वेळ सगळ्यात चांगला.

तीन, तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, पाण्याची हालचाल कमी, गाळ खाली बसलेला. तुम्ही म्हणाल मग अष्टमीलाच जाऊ. पण जुना हिशेब बघा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा अंदाजे तास मिळतो. अष्टमीला ८ गुणिले पाऊण म्हणजे ६. भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराच्या सुमाराला. तुम्ही साडेआठला पोचता तेव्हा पाणी उतरत असतं. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. उधाण अजून चढलेलं नसतं, भरती नेमकी सकाळच्या शांत वाऱ्यात येते. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत हाच हिशेब.

हा हिशेब मुंबईकडचा. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवण-कारवारला भरती मुंबईच्या आधी लागते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि शेवटी त्या दिवसाचं टाइड टेबल (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) बघूनच होडी ठरवा.

खानापूरची माई
एकादशीला मासे खायचे नसतात, बघायला कुणाची ना नाही!

कंग्राळीकर
महिन्यांचंही सांगा की कुणीतरी.

शहापूरवाला
मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंदच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्यांचं गढूळ पाणी अजून उतरत असतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये पाणी कोमट, पण वारा आणि शेवाळाचे कण वाढतात. दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबरचा आठवडा टाळा. पाणी स्वच्छ असलं तरी शे-दीडशे माणसं पाय मारत असली की तळ ढवळून निघतो.

चांगल्या दिवशी मालवणला पाण्यात ४ ते ६ मीटर दिसतं, नेत्राणीला १० मीटरच्या पुढे. उथळ खडकाच्या माथ्यावर पाणी दोन-तीन मीटर असलं तर ४ मीटर दिसणं भरपूर झालं.

सीमाभागी
छान. म्हणजे मालवण, आदल्या रात्री मुक्काम, एकादशी-द्वादशी. आता सामान. मास्क तिथं मिळतो ना?

खारे वारे
मिळतो. पण एकच वस्तू स्वतःची घ्यायची असेल तर मास्क घ्या. भाड्याचा मास्क चेहऱ्याला बसला तर नशीब.

बघायचं कसं: पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकानं हलका श्वास आत ओढा, हात सोडा. मास्क पाच-सहा सेकंद चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी येणारच. उलट जास्त आवळल्यावर सिलिकॉनची कड मुडपते आणि गळती वाढते. पट्टा कानावर नको, डोक्याच्या मागच्या उंच भागावर. कडेखाली एक केस अडकला तरी पाणी झिरपतं. काच टेम्पर्ड हवी, कड सिलिकॉनची. साध्या पीव्हीसीची कड थंड पाण्यात कडक होते.

मिशा असलेल्यांना नाकाखालून पाणी येतं. नाकाखालची पेराएवढी पट्टी साफ करा, नाहीतर तिथं सिलिकॉन ग्रीस लावा. मिशी सोडायची नसेल तर नाकातून श्वास सोडून दर पाच मिनिटांनी मास्क रिकामा करायची तयारी ठेवा.

मच्छे गाव
नवीन मास्क आणला तरी धुकं धरतंय की. का?

खारे वारे
कारखान्यातून येताना काचेवर सिलिकॉनचा पातळ थर बसलेला असतो. पांढरी टूथपेस्ट (जेल नको) आतल्या बाजूनं बोटानं दोन-तीन मिनिटं घासा, धुवा, परत घासा. दोन-तीन वेळा केलं की थर जातो. नंतर दर वेळी उतरण्याआधी बेबी शाम्पू आणि पाणी एकास तीन करून एक थेंब आतून फिरवायचा, खारं पाणी एकदाच विसळून ओतायचं. थुंकी लावली तरी तेच काम होतं. मास्क कपाळावर चढवून ठेवू नका. कपाळाच्या घामानं आणि उष्णतेनं लगेच धुकं येतं, आणि लाट आली की मास्क जातो. गळ्यात उतरवा.

चष्मेवाल्यांसाठी नंबरची काच लावलेले मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं. पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते, त्यामुळे नंबर अर्धा कमी घेतला तरी चालतं. ह्याच कारणानं लोक ‘दोन फुटी हेकरू (खडकातला मासा) बघितला’ म्हणून येतात, तो दीड फुटी असतो.

निपाणी एक्सप्रेस
श्वास घ्यायची स्नॉर्कलची नळी लांब असेल तर पाण्यात खोल राहून श्वास घेता येईल ना? एक-दीड मीटरची पाईप जोडली तर?

डॉक्टर चिकोडी
अजिबात नको. एक मीटर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा १०० ग्रॅम भार असतो. तो ढकलून वरची हवा आत ओढायला श्वासाचे स्नायू पुरत नाहीत. शिवाय आपण साध्या श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. नळी लांब केली की सोडलेलीच हवा परत आत येते, कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं आणि पुढं भान जातं. म्हणूनच स्नॉर्कलची नळी ३५ ते ४० सेंटिमीटरच्या आसपास असते, आतून सुमारे दोन सेंटिमीटर रुंद.

पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कबद्दलही हाच आक्षेप. नाकानं श्वास घेत बघायला ते सोपे वाटतात, पण आत शिळी हवा जास्त राहते, झडप बिघडली की कळत नाही आणि घाबरल्यावर पटकन काढता येत नाहीत. साठीच्या पुढच्या दोघांना तर नकोच.

त्या दोघांचं आधी बघून घ्या: रक्तदाब ताब्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, फिट्स येत असतील, दम्याचा जोर चालू असेल तर त्यांनी होडीत बसून बघावं. पाण्यात आडवं झाल्यावर पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर भार वाढतो. धाप लागेल एवढं पोहणं नको. सर्दी असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल तर कुणीही डुबकी मारू नये. पृष्ठभागावर तरंगणाऱ्यांच्या कानावर दाब येत नाही.

खारे वारे
नळीबद्दल एक जोडतो. ‘ड्राय टॉप’ नळीच्या टोकाला झडप असते, लाट आली की बंद होते. नवख्यांना बरी. पण वाळूचा कण किंवा सुकलेलं मीठ अडकलं की ती बंदच राहते आणि हवा येत नाही, माणूस घाबरतो. होडीवर चढण्याआधी नळी उलटी करून, हलवून बघा. खालच्या टोकाची पर्ज झडप (आत आलेलं पाणी बाहेर सोडणारी) मुडपलेली असली तर तोंडात सतत पाणी येतं. तोंडातलं रबर दातांनी करकचून चावू नका, दहा मिनिटांत जबडा दुखायला लागतो.

खानापूरची माई
विहिरीत आणि मलप्रभेत पोहायला शिकलेल्यांची खरी अडचण पाय आहेत. त्यांना डोकं वर ठेवून, पाय खाली सोडून सायकल मारायची सवय असते. समुद्रात तसं केलं की फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) तळाला लागतात, वाळू उठते, प्रवाळ मोडतात आणि मागच्याला काही दिसत नाही. डोकं पाण्यात, नजर सरळ खाली, पाय कमरेपासून सैल, गुडघा थोडाच वाकलेला. हात अंगाला किंवा पुढे धरलेले. हातांनी वल्हवायचं नाही. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्याहून अडीच टक्क्यांनी जास्त, त्यामुळे अंग आपोआप वर राहतं. हे पटायला मात्र वेळ लागतो.

निघण्याआधी गोवावेसच्या तलावात किंवा जवळच्या कुठल्याही पूलमध्ये सराव करा. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून आधी फक्त मास्क-नळी लावून चेहरा बुडवा, पाच मिनिटं नुसता श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मग मुद्दाम नळीत पाणी भरून ‘टू’ म्हटल्यासारखं एका झटक्यात फुंकून बाहेर काढा. पहिल्या फुंकरीनंतरचा श्वास अगदी हळू घ्यायचा, कारण थोडं पाणी उरलेलं असतं आणि तेच घशात जाऊन ठसका लागतो. मग मास्क अर्धा भरू द्या, वरची कड कपाळाशी दाबा, नजर किंचित वर, नाकानं श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. हे तिन्ही जमेपर्यंत समुद्र नको. मुलं एका सकाळीत शिकतात. मोठ्यांना जरा जास्त लागतं, कारण मोठे लाजतात!

शहापूरवाला
पोहता येणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट काढू नये. वाद नको त्यावर.

कंग्राळीकर
वाद आहेच की अण्णा. जाड फोमचं जॅकेट घालून पालथं झालं की ते मानेकडे सरकतं, हनुवटी वर ढकलतं, चेहरा पाण्यात राहत नाही. ज्याला पोहता येतं त्याला फुंकून भरायचं स्नॉर्कल व्हेस्ट बरं.

शहापूरवाला
व्हेस्ट मिळालं तर घ्या, मान्य. पण इथं बहुतेक होड्यांवर फोमचंच मिळतं. सरकतं ते पट्टे सैल म्हणून. बाजूचे दोन्ही पट्टे ओढा, मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर लावा, मग खांद्याला धरून कुणालातरी वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते माप मोठं. पोहता न येणाऱ्यांनी जॅकेटसकट रिंग धरायची आणि गाइडनं रिंग ओढायची.

होडीवरून उतरताना इंजिन बंद आहे की नाही हे स्वतः विचारा. नुसतं न्यूट्रल नको, पूर्ण बंद. फिन्स होडीत बसूनच घाला, घालून चालू नका. शिडी असेल तर पाठ समुद्राकडे करून उतरा. वर येताना आधी फिन्स काढून द्या, मग शिडी. पंख्याच्या बाजूला, म्हणजे मागच्या बाजूला, कधीच तरंगत राहू नका.

सीमाभागी
आता मासे. मुलांना ओळखता यावेत म्हणून काय बघायचं ते सांगा.

खारे वारे
रंगावर जाऊ नका. पाच मीटरवर लाल रंग जवळजवळ दिसेनासा होतो, मग नारिंगी. आकार, पट्टे आणि वागणं बघा.

सगळ्यात आधी दिसेल तो सार्जंट मेजर: पाठ पिवळसर, अंगावर पाच काळे उभे पट्टे, थव्यानं अंगाभोवती फिरतो. एकटाच खडकाच्या एका भागावर घिरट्या घालत असेल आणि मास्कवर धावून येत असेल तर तो नर आहे, खडकावर चिकटवलेल्या जांभळट अंड्यांची राखण करतोय. बाजूला व्हा.

फुलपाखरू मासा चपटा, थाळीसारखा, बहुधा जोडीनं. डोळ्यावरून काळा पट्टा जातो आणि काही जातींत मागे खोटा डोळा असतो. शिकारी कुठलं टोक डोकं हे ओळखू शकत नाही. ह्यातल्या बऱ्याच जाती प्रवाळाचे जीव खातात, म्हणून ह्या माशांच्या जोड्या भरपूर दिसल्या तर तिथले प्रवाळ जिवंत समजा.

लांब पांढरा तुरा असलेला काळा-पांढरा-पिवळा मासा दिसला की सगळे ‘मूरिश आयडॉल’ म्हणून ओरडतात. शेपूट बघा. शेपूट पिवळी तर बॅनरफिश. शेपूट काळी आणि नाकाडावर पिवळा डाग तर आयडॉल.

पोपट मासा पोहताना शेपूट कमी हलवतो, छातीच्या परांनी वल्हवल्यासारखा जातो. दात चोचीसारखे जुळलेले. कान देऊन ऐकलंत तर खडक खरवडल्याचा कर्र आवाज पाण्यात ऐकू येतो. शेवाळाबरोबर चुन्याचा भाग पोटात जातो आणि मागून बारीक वाळू पडते.

निळ्या पट्ट्याचा बोटाएवढा क्लीनर रास एकाच जागी नाचत असतो, मोठे मासे तोंड उघडून रांगेत थांबतात. त्याच्यासारखाच दिसणारा एक ठग ब्लेनी आहे. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तो साफसफाईच्या नावाखाली पराचा तुकडा तोडून पळतो.

हेकरू आणि तांबोशी खडकाच्या सावलीत. केंडही दिसेल, चौकोनी डोक्याचा, संथ. त्याला फुगवायला डिवचू नका. लायनफिश उलटा कपारीच्या छताला असतो, पाठीच्या काट्यांत विष. मोरे ईल कपारीतून तोंड उघडझाप करतो ते श्वासासाठी, धमकी नव्हे. पण हात घातलात तर चावतो.

केशरी-पांढरा क्लाउनफिश बघायचाच असेल तर लक्षद्वीप-अंदमान गाठा. मालवणला त्याच्या मागे दिवस घालवू नका.

मच्छे गाव
होडीत बसणाऱ्यांना काय दिसणार?

सदाशिवगड
पोलरॉइड चष्मा घाला, पाण्यावरची चमक जाते. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला बसा. नऊ ते अकरा ऊन तिरपं पण पुरेसं असतं. सुरय पक्षी एकाच जागी सूर मारत असले तर खाली तारलीसारख्या बारीक माशांचा थवा आहे. पाणी शांत असताना एका तुकड्यावरच पावसाच्या थेंबांसारखी थरथर दिसली तर बांगडे. डॉल्फिन दिसले की होडीवाल्याला मागे लागायला सांगू नका. इंजिन मंद ठेवून बाजूनं समांतर गेलं तर ते जास्त वेळ जवळ राहतात.

आणि मळमळ. बसायला होडीचा मध्य किंवा मागचा भाग घ्या, टोक नको. डिझेलचा धूर येणार नाही अशी बाजू. नजर क्षितिजावर, मोबाइलवर नको. सकाळी मिसळ-पुरी नको, दोन इडल्या किंवा केळं. रिकाम्या पोटीही मळमळतं. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर, आणि ती झोप आणते, म्हणून पाण्यात उतरणाऱ्यानं डॉक्टरांना विचारूनच.

निपाणी एक्सप्रेस
होडीवाले ब्रेड देतात. टाकला की शेकडो मासे अंगाभोवती येतात. मुलांना तेच आवडतं. त्यात वाईट काय?

शहापूरवाला
येतात ते सगळे सार्जंट मेजर. ते आक्रमक होतात आणि बाकीच्या जातींना त्या खडकावरून हुसकावतात. शेवाळ खाणारे मासे ब्रेडवर पोट भरायला लागले की शेवाळ वाढतं आणि प्रवाळाला झाकून टाकतं. आणि फोटोत गर्दी दिसते, पण जात एकच. पाच मिनिटं हातपाय न हलवता एका जागी तरंगा. ब्रेडशिवाय आठ-दहा जाती समोर येतात.

निपाणी एक्सप्रेस
होडीवाल्याला नको म्हटलं तर तो नाराज होतो की.

खानापूरची माई
होडी ठरवतानाच सांगायचं: दादा, ब्रेड नको, आणि नांगर खडकावर टाकू नका, वाळूत टाका नाहीतर बॉयाला बांधा. वर शंभर रुपये जास्त द्या, नाराजी जाते. तो भाग मालवण सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभा क्षेत्रात येतात. प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा, समुद्रकाकडी हे सगळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा घरी नेणंही गुन्हा. मुलांना आधीच सांगून ठेवा, खिसे त्यांचेच भरतात.

सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा) घाला. पाठ आणि पोटऱ्या सगळ्यात जास्त भाजतात. ऑक्सिबेन्झोन असलेलं क्रीम प्रवाळाच्या पिल्लांना मारक ठरतं. हवाईनं २०२१ पासून त्याची विक्री बंद केली.

कंग्राळीकर
प्रवाळ पांढरे पडलेले दिसले तर मेले समजायचं का?

खारे वारे
लगेच नाही. प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शेवाळ राहतं, तेच त्याला रंग आणि बहुतांश अन्न देतं. पाण्याचं तापमान उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखादा अंश वर जाऊन काही आठवडे टिकलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि खालचा चुना दिसतो. पाणी लवकर थंड झालं तर सावरतो. पांढऱ्या भागावर हिरवट बुरशीसारखा थर चढला असेल तर तो भाग मेला. १९९८ मध्ये जगभर मोठं विरंजन (प्रवाळ असे पांढरे पडणं) झालं, नंतर २०१०, २०१४ ते २०१७ आणि परत २०२३-२४ मध्ये.

डॉक्टर चिकोडी
लागलं-कापलं तर: सी अर्चिनचे काळे काटे पायात मोडले तर वर दिसणारे चिमट्यानं काढा, खोल गेलेले कोरू नका. लायनफिश किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. ह्या विषाला उष्णता सोसत नाही, दुखणं लगेच उतरतं. गरम पाण्याचा थर्मास होडीत असू द्या. झार (जेलीफिश) लागली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोडं पाणी ओतू नका, न फुटलेल्या पेशी फुटतात. धागे कार्डाच्या कडेनं उचला, चोळू नका. खडकावरच्या कालवांनी कापलं तर स्वच्छ धुऊन जंतुनाशक लावा, ते कापलेलं चिघळतं.

अजून एक, आणि हे घाटावरच्या लोकांनी नीट वाचावं. ग्रुपमधल्या कुणी ऐनवेळी मोह होऊन स्कूबा केलं तर त्या दिवशी परत निघू नका. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळलेला असतो. आंबोली सुमारे ६९० मीटर, बेळगाव साडेसातशे. घाट चढताना हवेचा दाब कमी होतो आणि त्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्हनंतर १८ तास थांबण्याचा सल्ला असतो, घाटालाही तेच धरा. पर्यटकांची डाइव्ह उथळ आणि थोडक्यात आटपते, त्यामुळे धोका कमी. तरीही रात्र मालवणला किंवा सावंतवाडीला काढणं शहाणपणाचं. नुसतं स्नॉर्कलिंग करणाऱ्यांना ही अडचण नाही, ते दाबाखालची हवा घेतच नाहीत.

निपाणी एक्सप्रेस
श्वास रोखून खाली डुबकी मारायची असेल तर?

डॉक्टर चिकोडी
आधी दोन-तीन शांत श्वास, बस. भराभर दहा-वीस श्वास घेऊन जाऊ नका. त्यानं ऑक्सिजन वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यायची ऊर्मी त्याच्यावरच चालते. ऊर्मी येण्याआधीच शुद्ध जाते, तीही बऱ्याचदा वर येताना. नाक चिमटीत धरून दर मीटरला कान मोकळे करा, दुखल्यावर नव्हे, आधीच. नाक झाकत नाही असा पोहण्याचा गॉगल घालून डुबकी नको, डोळ्यांवर दाब येतो. एक जण खाली, एक जण वर बघत.

सीमाभागी
ठरलं मग. मालवण, डिसेंबरातली एकादशी-द्वादशी, सकाळची पहिली होडी, सहा जण पाण्यात आणि दोघं होडीत. दोन आठवडे पूलमध्ये सराव. शेवटचं एक: ११ वर्षांच्या मुलीला मोठ्यांचा मास्क लहान करून चालेल का?

खारे वारे
नाही. पट्टा लहान होतो, कड नाही. गालाशी फट राहते. लहान मुलांचा मास्क वेगळा घ्या आणि नळीही वेगळी, कारण मोठ्यांच्या नळीत शिळी हवा त्यांच्या श्वासाच्या मानानं जास्त राहते. फिन्स नसतील तरी चालेल. अर्ध्या तासानं पाण्याबाहेर काढून कोरडा टॉवेल द्या, ओठ निळसर दिसेपर्यंत थांबू नका. आणि रात्री खोलीवर सगळ्यांचे मास्क-नळ्या गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवून सावलीत वाळवा. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवले तर सिलिकॉन वाकतं आणि पुढच्या वेळी गळतं.